म्हणे, जुनी पुस्तकं ईबुक करा अन् पारावर बसून खा!

धुऱ्यावरचा
परवा इथं ग्रुपवर एकानं लिहिलं, 'विदर्भातल्या लेखकांनो, तुमच्या संपलेल्या पुस्तकांना माळ्यावर वाळवी लागून राहिली. किंडलवर, म्हणजे अमेझॉनच्या ईबुक दुकानात, टाका. खर्च शून्य, महिन्याला १० हजार बसल्या जागी.' खाली अंगठ्यांची रांग. गुणाकार एकानंही केला नाही.

तं करा. किंमत ९९ रुपये धरा. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी पाहिजे असेल तर पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये घालावं लागते. केडीपी म्हणजे किंडलवर आपलं पुस्तक आपणच टाकायची अमेझॉनची सोय, सिलेक्ट ही तिच्यातली 'ईबुक फक्त आमच्याकडे' अशी योजना. म्हणजे ९० दिवस तेच ईबुक ना गुगल प्लेवर, ना प्रतिलिपीवर, ना स्वतःच्या ब्लॉगवर. नाही घातलं तर ३५ टक्के, ३४ रुपये ६५ पैसे. ७० टक्केवाल्यांनाही दर एमबीमागे ७ रुपये डिलिव्हरीचे आधी कापून मगच टक्के मिळतात. फाइल २ एमबीची असली तर ९९ वजा १४, त्याचे ७० टक्के, साडेएकोणसाठ. जुन्या आवृत्तीतली रेखाचित्रं स्कॅन करून तशीच कोंबली आणि फाइल १२ एमबीची झाली, तर हातात साडेदहा रुपये. करबिर वेगळा. १० हजारासाठी साडेएकोणसाठच्या हिशेबानं १६९ प्रती खपल्या पाहिजेत. दर महिन्याला. कथासंग्रहाच्या!

पऱ्हाटी
गणित बरोबर, रडणं चूक. १० हजार ही त्या पोस्टवाल्याची फेकाफेक, ती सोडा. संपलेल्या आवृत्तीचं आजचं उत्पन्न किती? भोपळा. छापील २०० च्या पुस्तकावर १० टक्क्यांनी २० रुपये, तेही प्रकाशकानं खपाचा खरा आकडा सांगितला तर. इथं ५९. सिलेक्टचं बंधन डिजिटलपुरतं आहे, छापील प्रती संमेलनाच्या मांडवात खुशाल विका. किंडल अनलिमिटेडवर, म्हणजे वर्गणी भरून वाचणाऱ्यांनी, वाचलेल्या पानांचे पैसे वेगळे. एक पुस्तक टाकून काही होत नाही. सात-आठ एका नावाखाली लागली की एक संपवणारा दुसरं उघडतो.

आणि प्रकाशकांचं निघालंच आहे तर ऐका. करारात मुदत लिहिली नसेल तर कॉपीराइट कायद्याचं कलम १९ ती पाच वर्षं धरते. वीस वर्षांपूर्वीचा चिटोरा नाचवत 'हक्क आमच्याकडे' म्हणणाऱ्यांच्या तोंडावर हे कलम मारा.

झाडीतला
थांबा जी. 'मुदत लिहिली नसेल तर' हे चार शब्द लोक गिळतात. कागदावर 'कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी' असं असलं तर लेखक मेल्यावरही ६० वर्षं. तिथं तुमचा पाच वर्षांचा मंत्र लागू होत नाही. तिथं प्रकाशकाकडून 'आवृत्ती संपली आहे, पुनर्मुद्रण करणार नाही, सर्व हक्क लेखकाला परत' एवढं सहीनिशी लिहून घ्या. फोनवरचं 'टाका ना, आमची काही हरकत नाही' कामाचं नाही.

अजून एक, जे कोणीच सांगत नाही. मजकूर तुमचा, पण मुखपृष्ठ चित्रकाराचं आणि प्रस्तावना लिहिणाऱ्याची. विचारल्याशिवाय दोन्ही उचलू नका. नवं मुखपृष्ठ २५६० पिक्सेल उंच, १६०० रुंद करा. नखाएवढं झाल्यावरही नाव वाचता आलं पाहिजे.

डीटीपीवाला
हक्क मिटले, आता मजकूर आणा! जुन्या पुस्तकाची फाइल मिळाली तर ती पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधली, श्रीलिपी नाही तर कृतिदेव या जुन्या फॉन्टमधली. नवीन फोनवर उघडा, नुसता कचरा. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, आणायला कन्व्हर्टरमधून काढली की 'स्थिती'ची 'सि्थती' होते, कारण त्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप झालेली असते आणि जोडाक्षर आलं की ती भलत्याच ठिकाणी चिकटते. 'वऱ्हाडी'चं 'वर्हाडी' होते. आपल्या मुलखाचं नावच धड येत नाही, अन् म्हणे बसल्या जागी.

जाड भिंगाचा
कन्व्हर्टरच्या नादी लागता काहून? छापील प्रत ३०० डीपीआयवर स्कॅन करा, ड्राइव्हवर चढवा, गुगल डॉक्समध्ये उघडा. मजकूर युनिकोडमध्येच येतो. दोन दिवसांत पुस्तक.

डीटीपीवाला
दोन दिवसांत! भ चा म, घ चा ध कोण काढणार? दर पानाच्या डोक्यावरचं पुस्तकाचं नाव आणि पानांचे आकडे वाक्यांच्या मधोमध घुसतात, ते? पिवळ्या पडलेल्या कागदावर अनुस्वार तं उडतातच.

जाड भिंगाचा
तपासावं दोन्हीकडे लागते. 'र्ह' शोधा, 'ऱ्ह' टाका, झालं ना वऱ्हाड दुरुस्त. तुमच्या धंद्याला धक्का बसतो म्हणून एवढा त्रागा चाललाय का?

डीटीपीवाला
धंदा काढू नका. 'र्ह'चं जमते, 'अर्हता'सारखे दोन-चार शब्द सांभाळले की पऱ्हाटी, गुऱ्हाळ सुधारते. 'र्य'चं सांगा की! एका दमात बदललं तर 'शेतकऱ्यांचा' नीट होतो आणि 'सूर्य', 'कार्य' बिघडतात. 'आचार्यांना बोलावलं' की 'आचाऱ्यांना बोलावलं', हे वाक्य वाचल्याशिवाय कोणत्या मशीनला कळते? एकेक शब्द पाहून बदलावा लागतो. आणि तुमच्यासारखेच लाल रेघ दिसली की 'सगळे बदला' दाबतात. बोलीतल्या पुस्तकात अर्धं पान लालच असते, म्हणून काय 'काहून'चं 'कापून' करता?

पऱ्हाटी
दोघंही जरा पाणी प्या. धागा कमाईचा आहे.

झाडीतला
कमाईचंच चाललंय. एक तारांकनवाला शेरा पडला की पुस्तक बसते, आणि मराठीत तसे शेरे कथेपेक्षा अक्षरांवरच पडतात. अध्यायांच्या नावांना 'हेडिंग १' शैली द्या, म्हणजे अनुक्रमणिका आपोआप होते. फाइल पीडीएफ नको, वर्डची डॉक्स (.docx) नाही तर ईपब. अक्षरांना काळा रंग ठोकून देऊ नका, रात्रीच्या काळ्या पडद्यावर पान कोरं दिसते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, लागत नाही. पाहिजेच असला तर आपल्याकडे फुकट मिळते, विकत देणाऱ्या दलालाला हाकला.

धुऱ्यावरचा
आणि पैसे कधी? महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी. केडीपीच्या करमुलाखतीत, म्हणजे कराच्या ऑनलाइन फॉर्मात, पॅन भरला नाही तर अमेरिकेतल्या विक्रीवर ३० टक्के कापतात. भरून भारत-अमेरिका कर कराराचा लाभ मागितला तर १५. हे त्या पोस्टीत कुठं होतं?

असो. भोपळ्यापेक्षा ५९ जास्त, एवढं मान्य करतो. पण 'खर्च शून्य' हे मागं घ्या. टायपिंग, तपासणी, मुखपृष्ठ, सगळं फुकट होणार असेल तर पोस्टवाल्यानं स्वतः येऊन करून द्यावं.

पऱ्हाटी
घेतलं मागं, पोस्टवाल्याच्या वतीनं. 'बसल्या जागी' मात्र राहू द्या. 'आचार्य' आणि 'आचारी' वेगळे करायला बसावंच लागते.