मदत हवी आहे: रूट कॅनाल केलेल्या दातावर कवळीचा क्लॅस्प चालेल का?

नमस्कार मंडळी,

आईच्या खालच्या जबड्यातल्या दोन्हीकडच्या दाढा गेल्या आहेत. इम्प्लांट तिला नकोत, म्हणून धातूच्या सांगाड्याची, काढता-घालता येणारी कवळी ठरली आहे. अडचण उजवीकडच्या शेवटच्या उपदाढेची. तिचं रूट कॅनाल झालंय, वरचा बराचसा भाग फिलिंगचाच आहे आणि क्लॅस्प (कवळी धरून ठेवणारी धातूची पकड) नेमका तिच्यावरच येणार. एक डॉक्टर म्हणतात, आधी पोस्ट (मुळात बसवायची दांडी) आणि कॅप, मग कवळी. दुसरे म्हणतात, फिलिंग पक्कं आहे, लगेच माप घेऊ. (आईला अर्थातच दुसरे आवडले.) पोस्टमुळे दात खरंच मजबूत होतो का? काय करावं?

प्रतिसाद १

दंतवैद्य आहे. पोस्टने दात मजबूत होत नाही, ती फक्त वरचा कोअर, म्हणजे कॅपखालचा भराव, धरून ठेवते. दात टिकतो तो हिरडीच्या वर उरलेल्या त्याच्या स्वतःच्या भागावर. कॅपच्या कडेत चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर तरी तो यायला हवा. याला आम्ही फेरूल म्हणतो.

आईंच्या कवळीला मागून दाताचा आधार नाही. चावताना हिरडी जेवढी दबते तेवढा दात दबत नाही. त्यामुळे कवळी मागे खचते आणि शेवटचा दात तरफेसारखा ओढला जातो. उभा भार दात सोसतो, हा आडवा पिळा वाईट. मुळाला उभी चीर गेली की बहुतेक वेळा दात काढावाच लागतो.

म्हणून मी पहिल्या डॉक्टरांच्या बाजूने. मात्र कॅपच्याही आधी कवळीचा आराखडा हवा, म्हणजे रेस्टची (कवळीच्या दातावर टेकणाऱ्या भागाची) खाच कॅपमध्येच घडवता येते. रेस्ट दाताच्या पुढच्या अंगाला घेता येईल का, तेही विचारा. तशी रचना नीट जमली तर कवळी खचताना क्लॅस्प दाताला ओढत नाही, सुटतो. पुढे हाड झिजून कवळी डुगडुगू लागली तर रिलाइन करून घ्या (हिरडीकडच्या बाजूला नवा थर), नाहीतर सगळा ताण पुन्हा त्याच दातावर.

धागाकर्ती

आभार! फेरूल पुरेसा आहे की नाही, हे एक्स-रेत दिसेल?

प्रतिसाद १

अंदाज येतो. खरं चित्र जुनं फिलिंग काढल्यावरच. फारच कमी उरला असेल तर त्यावर क्लॅस्प नको. दात हिरडीलगत कापून मूळ कवळीखाली ठेवता येतं, क्लॅस्प पुढच्या दातावर जातो.