सेमूर आणि फ्रायचं आजोबापण

'फ्युचुरामा' या अमेरिकन कार्टून मालिकेत फ्राय हा पिझ्झा पोहोचवणारा मुलगा गोठून हजार वर्षं पुढे जातो. मागे राहिलेला त्याचा कुत्रा सेमूर बारा वर्षं दुकानाबाहेर त्याची वाट बघतो, आणि २००७ च्या चित्रपटात मात्र फ्राय भूतकाळात परत येऊन त्याच्यासोबत राहतो, म्हणून मालिकेत विसंगती आहे, हे मला पटत नाही. २००२ च्या मूळ भागातच सेमूर पंधराव्या वर्षी मेला आणि त्याचा जीवाश्म झाला, असं सांगितलंय. चित्रपटात फ्रायचा रोबो मित्र बेंडर याने केलेल्या स्फोटाने तो जीवाश्म होतो. धागा जुळतो. दुःख मात्र पातळ झालं. मूळ भागातला तो सेमूरच्या मिटलेल्या डोळ्यांचा शेवट मला अजून सहन होत नाही, आणि तो तसाच ठेवायला हवा होता.

खरी गोची दुसरीकडे आहे. २००१ च्या रॉसवेलच्या भागात फ्राय १९४७ मध्ये जाऊन स्वतःचाच आजोबा होतो. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला मिळतं. फ्रायला ते वडिलांकडून आलं, वडिलांना त्यांच्या बापाकडून, म्हणजे फ्रायकडूनच. मग ते मुळात आलं कुठून? या वर्तुळाला सुरुवातच नाही. पुढे, मालिकेत इतर सगळ्यांच्या मेंदूत असणाऱ्या डेल्टा लहरी फ्रायच्या मेंदूत नसण्याचं कारण म्हणून याच नात्याचा उपयोग केलाय. कल्पना सुंदर आहे, पण गुणसूत्राचा प्रश्न तसाच राहतो.

लेखक निष्काळजी होते, असं मात्र म्हणू नका. १९९९ च्या पहिल्या भागात फ्राय खुर्चीवरून मागे कलंडून गोठवण्याच्या यंत्रात पडतो तेव्हा टेबलाखाली एक छोटी सावली हलते. ती निब्लर या छोट्या परग्रही प्राण्याची होती, त्यानेच फ्रायला यंत्रात पाडलं होतं, हे २००३ च्या भागात कळलं. तो प्रसंग थांबवून पुन्हा बघा.