मदत हवी आहे: बी४५० बोर्डवर २६०० काढून कुठला प्रोसेसर टाकू? बजेट २० हजार

निपाणी१४४
नमस्कार मंडळी. सध्याचा पीसी असा:

प्रोसेसर: रायझेन ५ २६००, सोबत आलेला कुलर
बोर्ड: बी४५०, मायक्रो एटीएक्स, बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) २०१९ चा
रॅम: ८ + ८ जीबी डीडीआर४ ३२००
ग्राफिक्स कार्ड: आरटीएक्स ३०६०, १२ जीबी
एसएमपीएस (पॉवर सप्लाय): ५५० वॅट ब्रॉन्झ
मॉनिटर: १०८०पी, १४४ हर्ट्झ

काउंटर स्ट्राइक २ मध्ये धूर झाला की फ्रेम धपकन खाली येतात. जीटीए ५ मध्ये शहरात गाडी पळवली की अडखळायलंय. व्हॅलोरंटमध्ये फार त्रास नाही. एका दुकानात ५६००जी घ्या म्हणाले, दुसरीकडे बोर्डासकट आय५ १२४००एफ. मित्र म्हणतोय सरळ एएमडीच्या नव्या सॉकेटवर, एएम५ वर जा. कुणाचं ऐकू?

टिळकवाडी_टॉवर
कुणाचंच नको, आधी मोजा. एमएसआय आफ्टरबर्नर टाका, त्याच्यासोबत रिव्हाट्यूनर येतो. स्क्रीनवर चार आकडे लावा: जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) वापर, प्रत्येक कोरचा वापर, सरासरी एफपीएस (सेकंदाला फ्रेम) आणि १ टक्का लो, म्हणजे सगळ्यात मंद १ टक्का फ्रेमचा एफपीएस. प्रोसेसरचा नुसता एकूण टक्का बघू नका. १२ थ्रेडमधले दोन पूर्ण भरले तरी एकूण आकडा ४० च्या आसपासच दिसतो आणि माणूस म्हणतो, प्रोसेसर तर रिकामाच आहे की.

मग त्याच ठिकाणी सेटिंग १०८०पी वरून ७२०पी करा. एफपीएस वाढले तर कार्ड कमी पडतंय. तेवढेच राहिले तर प्रोसेसर किंवा रॅम.

आणि टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मेमरी इथे स्पीड किती लिहिलाय तेही सांगा.

निपाणी१४४
बघितलं दादा. काउंटर स्ट्राइकमध्ये जीपीयू ५५ ते ६०, सरासरी १३०, १ टक्का लो ६२. ७२०पी वर सरासरी १३२, म्हणजे हललंच नाही. रॅमचा स्पीड २४०० दाखवायलंय! पाकिटावर तर ३२०० लिहिलंय.

टिळकवाडी_टॉवर
वाटलंच होतं. पाकिटावरचा ३२०० हा एक्सएमपी, म्हणजे रॅममध्ये आधीच भरलेली वेगाची सेटिंग, चालू केल्यावरचा वेग. बायोसमध्ये हात घातला नाही तर रॅम २१३३, २४०० किंवा २६६६ वर पळते. असेंबल करून देणारे बरेच जण ही एक गोष्ट विसरतात.

तुमच्या २६०० ला याचा फटका जास्त बसतो. त्याचे सहा कोर तीन-तीनच्या दोन गटांत आहेत आणि प्रत्येक गटाकडे स्वतःचा ८ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी वेगवान मेमरी). एका गटाला दुसऱ्याकडचं काही हवं असेल तर इन्फिनिटी फॅब्रिकवरून, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या जोडरस्त्यावरून, जावं लागतं, आणि त्या फॅब्रिकचा वेग रॅमच्या घड्याळाला बांधलेला. रॅम २४०० वर तर फॅब्रिक १२००, रॅम ३२०० वर तर १६००.

बायोसमध्ये एक्सएमपी, काही बोर्डांवर डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी, चालू करा. चालू झालं नाही तर घाबरू नका. २६०० चा अधिकृत रॅम वेग २९३३ आहे, हाताने २९३३ लावा. बोर्डावर रॅमच्या चार खाचा असतील तर रॅमच्या काड्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात.

निपाणी१४४
३२०० वर चालू झालं. सरासरी १४६, १ टक्का लो ७५. फुकटात एवढं मिळालं, काय बोलू! पण जीपीयू अजून ६५ च्या वर जात नाही.

टिळकवाडी_टॉवर
आता प्रोसेसर बदलायला हरकत नाही. रायझेन ५ ५६०० घ्या. बोर्ड तोच, रॅम तीच, कुलरसुद्धा डब्यात येतो. सहाही कोर एकाच गटात आणि ३२ एमबी एल३ कॅश सगळ्यांना मिळून एक, त्यामुळे २६०० ची ती दोन गटांतली ये-जा संपते. गेममध्ये १ टक्का लो सावरतो तो प्रामुख्याने यामुळे, नुसत्या गिगाहर्ट्झमुळे नाही.

दुकानदार "५६००च आहे की" म्हणून ५६००जी किंवा ५५०० पुढे करतील. ती नावाची फसगत. दोन्हींत एल३ कॅश १६ एमबी, म्हणजे निम्मा. जी मध्ये आतलं ग्राफिक्स असतं, ते ३०६० असताना तुमच्या काय कामाचं? ५६००एक्स मिळाला आणि भाव तोच असेल तर घ्या, पण बूस्टमध्ये फरक ४.४ आणि ४.६ गिगाहर्ट्झ एवढाच, त्यासाठी हजार-दीड हजार जास्त मोजू नका.

चिकोडी_कोअर
थोडं वेगळं मत. २० हजार आहेत तर १२४००एफ आणि डीडीआर४ चा बी७६० बोर्ड का नको? हीच रॅम चालेल. पुढे १४ व्या पिढीपर्यंत प्रोसेसर बदलता येतो. एएम४ मध्ये, म्हणजे या बोर्डाच्या सॉकेटमध्ये, पुढे काय उरलंय?

टिळकवाडी_टॉवर
गेममध्ये १२४००एफ आणि ५६०० जवळपास बरोबरीचे. म्हणजे त्याच एफपीएससाठी बोर्डाचे पैसे वेगळे, सगळा पीसी उघडून परत जोडायचा आणि विंडोज परत ॲक्टिव्हेट करायचं. नवा पीसी बांधणाऱ्याने १२४००एफ घेतला तर मी अडवणार नाही. पण बी४५० हातात असताना कशाला?

आणि १३ व्या-१४ व्या पिढीचे मोठे प्रोसेसर जुन्या बाजारात स्वस्त दिसले तर जपून. त्यांतल्या ६५ वॅट आणि वरच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत जादा व्होल्टेजमुळे कायमचा बिघाड होत होता. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) दिला, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच झिजलेला प्रोसेसर मायक्रोकोडने बरा होत नाही. १२४००एफ या भानगडीत नाही, एवढं खरं.

चिकोडी_कोअर
पटलं. मग ५७००एक्स किंवा ५७००एक्स३डी?

टिळकवाडी_टॉवर
५७००एक्स ला आठ कोर, पण कॅश तोच ३२ एमबी. नुसत्या गेमला फरक थोडका. स्ट्रीमिंगसाठी घ्यायचा म्हणाल, तर ते काम ३०६० वरचा एनव्हेंक (कार्डातला व्हिडिओ एन्कोडर) करतो. शिवाय डब्यात कुलर नाही, तो खर्च वेगळा.

५७००एक्स३डी ला ९६ एमबी कॅश, या बोर्डावर गेमसाठी तो सगळ्यात चांगल्यांपैकी एक. पण नवा मिळणं मुश्कील झालंय आणि जुन्याला लोक तोंडाला येईल तो भाव सांगतात. बिल आणि वॉरंटीसकट बजेटात मिळाला तर डोळे झाकून घ्या, नाहीतर त्याची वाट बघत महिने घालवू नका. एएम५ चं म्हणाल तर प्रोसेसर, बोर्ड आणि डीडीआर५ तिन्ही नवं. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, २० हजारांत ते बसत नाही.

खानापूर_दमट
प्रोसेसर ठरला, पण खरी गंमत पुढे आहे. बायोस २०१९ चा आणि ५६०० एप्रिल २०२२ मध्ये बाजारात आला. तसाच बसवला तर पंखे फिरतील, स्क्रीन काळी राहील आणि दुकानदार म्हणेल बोर्ड गेला. बायोस जुना प्रोसेसर बसलेला असतानाच अपडेट करायचा.

१. बोर्डाचं पूर्ण नाव आणि रिव्हिजन बघा, बोर्डावरच छापलेली असते. रिव्हिजन वेगळी तर बायोसची फाईलही वेगळी असू शकते.
२. कंपनीच्या साईटवर त्या बोर्डाची प्रोसेसरची यादी उघडा. ५६०० समोर किमान कुठला बायोस लिहिलाय तो किंवा त्याच्या पुढचा घ्या. काही बोर्डांना मधला एक बायोस आधी टाकावा लागतो, तसं फाईलच्या खाली लिहिलेलं असतं. वाचा.
३. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का बघा. होम आवृत्तीतही गुपचूप चालू असतं. रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि ते तात्पुरतं थांबवा.
४. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून फाईल त्यात टाका. अपडेट बायोसमधल्या सोयीनेच करा, विंडोजमधून नको.
५. यूपीएसवर करा. आपल्याकडे वळवाच्या दिवसांत लाईटचा काय भरवसा! अर्ध्यात गेली तर बोर्ड तिथेच बसला. यूपीएस नसेल तर पावसाचं वातावरण नसलेली वेळ धरा.

अपडेटनंतर सगळी सेटिंग मूळपदावर येतात. एक्सएमपी परत लावा, एफटीपीएम (प्रोसेसरमधला सुरक्षेच्या चाव्या ठेवणारा भाग) आणि सिक्युअर बूट परत चालू करा. विंडोज ११ वर ही दोन नसतील तर व्हॅलोरंट उघडत नाही, व्हॅन ९००१ किंवा ९००३ ही एरर दाखवतं. लोक मग गेम तीनदा इन्स्टॉल करत बसतात.

निपाणी१४४
प्रोसेसर मीच बदलू का? पिना वाकतील अशी भीती वाटायलीय.

खानापूर_दमट
भीती बरी आहे, कारण एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात. कुलर आणि प्रोसेसरमधली जुनी थर्मल पेस्ट वाळून डिंकासारखी होते. कुलर सरळ वर ओढला की प्रोसेसर लिव्हर बंद असतानाच सॉकेटमधून उपटून येतो. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं गेम चालवा, पेस्ट मऊ होऊ द्या. मग बंद करून वायर काढा. तुमच्या कुलरला चार स्क्रू आहेत, ते तिरपे समोरासमोरचे थोडे-थोडे सैल करा. नंतर कुलर डावीकडे-उजवीकडे हलका पिळा. सुटला की उचला. स्क्रू निघाले की बोर्डामागची पट्टी सुटून पडते, केस आडवी ठेवा आणि मागून हात लावून ठेवा.

नवा प्रोसेसर: कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणासमोर. लिव्हर पूर्ण वर. प्रोसेसर आपल्या वजनानेच आत बसायला हवा, अंगठ्याने दाबायचं नाही. बसत नसेल तर उचलून पिना बघा. डब्यातल्या कुलरला पेस्ट लावलेलीच असते, वरून आणखी लावू नका. पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवर.

पहिल्यांदा चालू केलं की रॅमची जुळवाजुळव चालते, मिनिटभर किंवा थोडी जास्त स्क्रीन काळी राहू शकते. बटण दाबून बंद करू नका. मग एक संदेश येतो: नवा प्रोसेसर आहे, एफटीपीएम रीसेट करू का, वाय की एन. बिटलॉकर असून की हाताशी नसेल तर वाय दाबू नका, डिस्कवरचं सगळं कुलूपबंद होतं. की असेल तर दाबा. विंडोजचा पिन नंतर परत लावावा लागेल.

५६०० ची मर्यादा ९० अंश. गेममध्ये सत्तरच्या घरात असेल तर ठीक. ऐंशीच्या वर राहत असेल तर आधी केसची जाळी उघडून धूळ बघा. आमच्या भागातली लाल धूळ पावसाळ्यात ओल धरून जाळीवर थर बसवते, ती ब्रशने निघते, नुसत्या फुंकरीने नाही.

चिकोडी_कोअर
५५० वॅट पुरेल, एसएमपीएस बदलू नका. कार्ड १७०, प्रोसेसर ९० च्या आत, बाकी सगळं धरून ३०० च्या आसपास. यूपीएस मात्र बघा. ६०० व्हीएचा असेल तर त्यावर साधारण ३६० वॅटच मिळतात, आणि मॉनिटरही त्यावरच. लाईट गेली की गेम बंद करून मशीन उतरवण्यापुरता तो ठीक.

निपाणी१४४
यूपीएस ६०० चाच आहे. आता शेवटचं. घेऊ कुठून? बेळगाव, कोल्हापूर की ऑनलाईन?

टिळकवाडी_टॉवर
जीएसटी सीमेच्या अलीकडे-पलीकडे १८ टक्केच, त्यामुळे अमुक गावात स्वस्त असं काही नसतं, फरक स्टॉकचा. निपाणीहून कोल्हापूर तुम्हाला बेळगावपेक्षा जवळ, वॉरंटीला परत जायचं झालं तरी सोयीचं. राजारामपुरीत दोन-तीन दुकानांत फोन करा, बेळगावातही विचारा. फोनवर नुसतं "५६०० आहे का" विचारू नका, "५६००, जी नको, बॉक्स पॅक" असं म्हणा. ट्रे म्हणजे सुटा प्रोसेसर मिळतो, त्यात कुलर नसतो आणि डब्याची तीन वर्षांची वॉरंटीही नसते. सील बघा, डब्याच्या खिडकीतून प्रोसेसरवर कोरलेलं नाव वाचा, आणि बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या.

निपाणी१४४
ठरलं. ५६०० बॉक्स पॅक, या आठवड्यात बायोस, रविवारी कोल्हापूर. उरलेले पैसे मोठ्या यूपीएसला.

खानापूर_दमट
यूपीएस घेताना प्युअर साईन वेव्ह विचारा. साध्या यूपीएसची चौकोनी लहर काही एसएमपीएसना सोसत नाही, लाईट गेल्याबरोबर पीसीही बंद पडतो. आणि २६०० विकणार असाल तर पिनांना खालून फोम लावून ठेवा, कुलर सोबत द्या. नुसत्या प्रोसेसरला गिऱ्हाईक लवकर मिळत नाही.