वाळवण, पाच पिल्लं आणि तीन मुलं : एकाच खळ्यात कसं जमवायचं?

मनोरीची सून

नमस्कार मंडळी,

मी मनोरीला राहते. कागदोपत्री मुंबईच, पण मार्व्याच्या धक्क्यावरून होडी धरून खाडी ओलांडली की आमचं गाव लागतं. कौलारू घर, पुढे सारवलेलं खळं, मागे छोटी वाडी, त्यात दोन रायवळ आंबे आणि विहीर. घरात सासूबाई, आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि तीन मुलं. थोरला पुतण्या नऊ वर्षांचा, माझी लेक सात, धाकटा पुतण्या चार.

मे महिन्यात आमच्याकडे कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. १ जूनला मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत, म्हणून सासूबाई हंगामाच्या शेवटच्या बोंबील-जवळ्याची सुकट करून ठेवतात. पावसाळाभर घर त्यावरच चालतं. माझ्याकडे तांदळाचे पापड, साबुदाण्याच्या चिकवड्या, आंबोशी, आंबापोळी आणि मसाल्याच्या मिरच्या. मुंबईत पाऊस एरवी ११ जूनच्या आसपास धरतात, पण २०२५ साली तो २६ मेलाच आला. तेव्हापासून सासूबाईंचा हुकूम आहे की २५ मेच्या आत सगळं डब्यात गेलं पाहिजे.

आता मुख्य गोष्ट. गावातली भुरी कुत्री आमच्या लाकडांच्या खोपीत व्यायली. पाच पिल्लं. डोळे उघडून बरेच दिवस झाले, दात आलेत, आणि आता ती खोपीबाहेर पडून दिवसभर खळ्यात असतात. काल जवळ्याच्या पसाऱ्यात दोघं लोळत होती. एकाने पापडांखालच्या साडीचा लोंबणारा काठ दातात धरून ओढला आणि अर्धे पापड मातीत गेले. सासूबाईंचे डोळे भरून आले. पहाटे चारला उठून त्यांनी उकड काढली होती.

जाऊ म्हणते, पिल्लं पोत्यात घालून गावाच्या पार टोकाला सोडून येऊ. मुलांनी ते ऐकलं आणि तिघंही रात्री जेवली नाहीत. मलाही ते मान्य नाही. भुरी खोपीत राहायला आल्यापासून रात्री बोंबील वाळत घालायच्या वलांडीखाली एक मांजर फिरकलेलं नाही आणि वाडीत घुशींनी नवी बिळं काढलेली नाहीत. ती आपलं काम चोख करते. तिच्या लेकरांना आपण हाकलायचं?

पण काळजीही खरी आहे. धाकटा दिवसभर पिल्लं छातीशी धरून बसतो आणि तीच बोटं तोंडात घालतो. पिल्लांचे दात त्याच्या हाताला लागतात. सासूबाई मायेने पिल्लांना मूठभर सुका जवळा टाकतात, मुलं आंब्याच्या कोयी देतात. यातलं काय चालतं, काय नाही? आणि पाऊस लागेपर्यंत वाळवण आणि पिल्लं एका खळ्यात कशी ठेवायची? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपा करून सविस्तर सांगा.

वेसाव्याची

बाय, आधी सासूबाईंना सांग, जमिनीवर जवळा पसरायचाच असेल तर भोवती जाळं लाव. घरात मासे धरायचं जुनं फाटकं डोलीचं जाळं असेलच. चार बांबूच्या मेखा ठोकायच्या, जाळं गुडघ्याएवढं उंच ताणायचं आणि खालचा काठ दगडांनी दाबायचा. तो दाबला नाही तर पिल्लू नाक घालून जाळं उचलतं आणि आत शिरतं. मोठी कुत्री उडी मारेल, पण आमचा अनुभव असा की तिला एकदा आवाज देऊन बाहेर काढलं की ती समजते. पिल्लांना समजत नाही, त्यांना आडच लागते.

बोंबलांची चिंता नको. तोंडात तोंड अडकवून जोड्या दोरीवर टाकता ना, ती वलांडी पिल्लांच्या टप्प्यात येत नाही. फक्त सर्वात खालची दोरी रिकामी सोड आणि खाली गळून पडलेले बोंबील संध्याकाळी वेचून घे. तेच खायला पिल्लं तिथे जमतात.

पापड-चिकवड्या जमिनीवर नकोच. बाजेवर घाल. साडीचे चारही काठ बाजेच्या दोरीत खोचून घे, काही लोंबता कामा नये. आंबापोळीला मुंग्या लागतात म्हणून बाजेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतात. ते पाणी पिल्लं पिणारच, तेव्हा रोज बदल, त्यात फिनेल वगैरे टाकू नकोस. मुंग्यांचा खडूही ओढू नकोस. पिल्लं चाटतात आणि रांगतं मूल असेल तर तेही.

उन्हाचं म्हणशील तर आपल्याकडे समुद्राचा वारा. साडेचार-पाचच्या पुढे हवेत ओल येते. तोवर सगळं आत. आणि डब्यात भरण्याआधी सुकट आणखी एक दिवस कडक तापव, पण झाकण लावायच्या आधी पूर्ण गार होऊ दे. गरम भरली की डब्याला आतून घाम सुटतो आणि श्रावणात बुरशी निघते. पापडांचंही तेच.

बोरिवलीकर

मला वाटतं आत्ताच पिल्लांचे फोटो काढून ग्रुपवर टाका. महिनाभराची पिल्लं गोंडस दिसतात, लोक लगेच घेऊन जातात. नंतर मोठी झाली की कुणी विचारत नाही.

दवाखान्यातला मदतनीस

बोरिवलीकर दादा, यावर मी ठामपणे नाही म्हणेन. मी प्राण्यांच्या दवाखान्यात बरीच वर्षं मदतनीस आहे. महिन्याभरात आईपासून तोडलेली पिल्लं आमच्याकडे येतात ती जुलाब आणि अशक्तपणा घेऊन. निदान दोन महिने ती भुरीजवळ राहू द्या. दूध हे एक कारण. दुसरं असं की भावंडांशी मस्ती करताना पिल्लू जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ थांबतो. दात किती लावायचा हे ते तिथेच शिकतं. हे शिक्षण न घेतलेलं पिल्लू लहान मुलांच्या घरात पुढे त्रास देतं. घरं शोधायला आत्ता सुरुवात करा, पण पाठवायचं दोन महिने भरल्यावर.

ताई, तुमच्या धाकट्याविषयी. पिल्लांना जंत असतातच असं धरून चाला. गोल जंत आईच्या पोटात असतानाच त्यांना लागतात, दुधातूनही येतात. जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून सुरू करून दर दोन आठवड्यांनी, आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत द्यायचं असतं, आणि त्यांच्याबरोबर आईलाही. मात्रा वजनावर ठरते, म्हणून डॉक्टरांना विचारूनच द्या. भाजीच्या तराजूत एकेक पिल्लू जोखून वजनं लिहून न्या, तेवढं पुरतं.

महत्त्वाची गोष्ट म्हणजे शी. त्यातली जंतांची अंडी ताजी असताना बाधत नाहीत, मातीत साधारण दोन-तीन आठवडे पडून राहिली की बाधायला लागतात. म्हणजे खळ्यातली शी रोजच्या रोज उचलून वाडीबाहेर खोल पुरली तर धोका मुळातच कमी होतो. वाळवणाच्या जागेसाठी तर हे पाळायलाच हवं. मुलांची नखं कापा, आणि खळ्यातून घरात येताना साबणाने हात, मग बाकीचं. धाकट्यालाही जंताचं औषध कधी द्यायचं ते मुलांच्या डॉक्टरांना विचारा.

लसी : पहिली सहा ते आठ आठवड्यांची झाली की, त्यात पार्व्हो आणि डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या आजारांवरच्या लसी येतात. रेबीजची तीन महिन्यांची झाल्यावर, मग दरवर्षी. भुरीला रेबीजची लस नसेल तर तीही द्या.

आणि दात लागून किंवा ओरखडा येऊन रक्त निघालं तर, पिल्लू का असेना, वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची यातलं काहीही लावायचं नाही. मसाल्याच्या दिवसांत मिरची हाताशी असते आणि घरातलं कुणीतरी जुन्या समजुतीने ती जखमेवर चोळतं, म्हणून मुद्दाम लिहितोय. मग त्याच दिवशी महापालिकेच्या दवाखान्यात. लस तिथे मोफत मिळते. दंडात देतात, नेहमीचं वेळापत्रक ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवसाचं. पोटात चौदा इंजेक्शनं हा काळ कधीच गेला, त्या भीतीने कुणी लपवू नये. मुलांना आत्ताच सांगून ठेवा की दात लागला तर लगेच सांगायचं, कुणी रागावणार नाही. मार बसेल म्हणून मुलं लपवतात, आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

मनोरीहून लांब पडेल, पण मोठा आजार निघाला तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच.

गोराईची आजी

मुली, तुझं वाचून माझं बालपण आठवलं. आमच्या वेळी वाळवणाची राखण हे पोरांचंच काम होतं. मोठी माणसं दुपारी जरा लवंडायची आणि आम्ही बाजेजवळ काळी छत्री उघडून बसायचो. छत्रीला कावळे भितात. कुत्र्यांची पिल्लं तेव्हाही होती. तू मुलांना पिल्लांपासून लांब ठेवायला बघतेस, त्यापेक्षा त्यांना राखणीला बसव. नऊ वर्षांचा जाळ्याकडे लक्ष देईल. लेक पिल्लांना खोपीच्या सावलीत रमवेल, फाटक्या फडक्याची गाठ मारलेली दोरी दिली की दुपार जाते. मग ती साडी ओढायला येत नाहीत. धाकट्याला एकट्याला पिल्लांत सोडू नकोस, आणि भुरी जेवत असताना किंवा पाजत असताना कुणीच हात लावायचा नाही. तिच्यादेखत पिल्लू उचलायचं नाही. कितीही माणसाळलेली असली तरी ती आई आहे.

राखणदाराला मजुरी हवी. आम्हाला ओल्या चिकवड्या आणि पापडाच्या लाट्या मिळायच्या, तेल लावून. त्यासाठी आम्ही उन्हात बसायचो. तूही दे, पण हात धुऊन आलेल्यालाच.

खाण्याचं सांगते. सुका जवळा खारट असेल तर पिल्लांना अजिबात नको, एवढ्याशा जिवाला मीठ सोसत नाही. ताजी मासळी मिळाली तर बिनमिठाची उकडून, काटे काढून, मऊ भातात कालवून थोडी थोडी. भुरीला मात्र भरपूर घाल, तिच्या अंगातूनच सगळं निघतंय. पिल्लांना गाईचं दूध पाजायची घाई नको, ढाळ लागतात. आंब्याच्या कोयी बंद कर म्हणजे बंद. आमच्या शेजारच्या पिल्लाने कोयीचा तुकडा गिळला, आतड्यात अडकला आणि ते गेलं. कांदा-लसणाची सालं, मनुका हेही खाली पडू देऊ नकोस. कुत्र्यांना ते विष आहे.

मिरच्यांचं वेगळं बघ. आम्ही बाटली मसाला करतो तेव्हा मिरच्या गच्चीवरच वाळवतो, कारण खाली वाळवल्या की देठं आणि बिया उडतात आणि पोरांच्या, जनावरांच्या डोळ्यात जातात. मसाला झाला की गडद रंगाच्या बाटल्यांत गच्च दाबून भरतो. गच्ची नसेल तर पडवीच्या पत्र्यावर घाल. त्या दिवशी खळं झाडून, पाण्याचा सडा मारून मगच पिल्लं सोड.

तुझ्या जावेवर रागावू नकोस. तिचेही पापड त्यात होते ना? जिचे कष्ट मातीत गेले ती तसंच बोलणार. आधी तिला जाळं लावून दाखव.

मनोरीची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी दिरांनी डोलीचं जाळं बांधलं. सासूबाईंनी स्वतः काठावर दगड लावले आणि पिल्लं दोन-तीनदा नाक खुपसून परत गेली. पापड बाजेवर गेलेत. आजी, तुम्ही म्हणालात ते खरंच. जावेला मी काल नीट विचारलं तेव्हा ती म्हणाली, पिल्लांचा राग नाही, एवढं सगळं पुन्हा करायला अंगात बळ उरलेलं नाही. उरलेली उकड आज आम्ही दोघींनी मिळून घेतली.

भाऊ, वजनं मुलांनीच केली आणि वहीत लिहिली. उद्या होडीने मालाडला डॉक्टरांकडे जाते. भुरीची नसबंदी कधी करावी? आणि पाऊस लागला की खोपीत पाणी शिरतं, तेव्हा यांना कुठे हलवू?

वेसाव्याची

पडवीच्या आतल्या कोपऱ्यात, वाऱ्याच्या उलट बाजूला. रिकामी झालेली बाज भिंतीला लावून आडवी उभी कर, आत फळी, फळीवर गोणपाट. जमिनीवर थेट गोणपाट नको, ओल वर चढते. आत्ताच, कोरडं असताना, भुरीला तिथे जेवायला घालायला लाग. म्हणजे पावसात ती स्वतःच पिल्लं तोंडात धरून तिथे आणेल, तुला हलवावी लागणार नाहीत.

दवाखान्यातला मदतनीस

नसबंदी पिल्लांनी दूध सोडून भुरीचं दूध पूर्ण आटल्यावर. पाजत असताना नाही. पण फार लांबवू नका, पुन्हा माजावर यायच्या आत व्हायला हवी. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे गावातल्या कुत्रीला नसबंदी आणि रेबीजची लस देऊन पुन्हा तिच्याच जागी आणून सोडतात, त्यामुळे ती कायमची जाईल ही भीती मुलांना घालू नका.

उद्या डॉक्टरांना लेप्टोच्या, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराच्या लसीचंही विचारा. पावसाळ्यात उंदीर, कुत्री, गुरं यांच्या लघवीतून लेप्टोचे जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. कुत्र्यांसाठी लस आहे. मुलांना मात्र खळ्यात पाणी साचलं की अनवाणी जाऊ देऊ नका. पायाला जखम असेल तर पाण्यात पाय नकोच, आणि पाण्यात जाऊन आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.