प्रति: आईच्या मेंदूतली गाठ, ऑपरेशन करावं का?
ताई, 'डोकं उघडलं की माणूस लुळा पडतो' असं भावकीतले म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. आम्हालाही परभणीत हेच ऐकवलं होतं. आईला आहे ती मेनिंजिओमा नावाची गाठ मेंदूतून नाही, त्याच्या आवरणातून वाढते आणि बहुतेकदा कर्करोगाची नसते. धोका किती, हे गाठ कुठं बसलीय त्यावर ठरतं. तेच सर्जनना थेट विचारा. माझ्या मावशीची कपाळामागं होती. संभाजीनगरला ऑपरेशन झालं, दोन महिन्यांनी ती स्वतः आठवडी बाजार करून आली. फिटच्या आणि सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या मात्र मनानं बंद करू नका, हात जोडून सांगते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रियाही आहेत. रेशनकार्ड, एमआरआयच्या फिल्मा घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, आधी भेटा.