अनुभव धागा: डबा आणलाय का?

पेठेतला_पाहुणा: माळा आवरताना कडीचे डबे निघाले आणि २०१८ आठवलं. २३ मार्चला राज्याची प्लास्टिक-थर्माकोल बंदीची अधिसूचना, २३ जूनपासून दंड. पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने कैद. पहिल्या आठवड्यात आमच्या वाड्यातले एक आजोबा कोथिंबिरीची पिशवी रेनकोटच्या आत लपवून आणायचे! तुमचेही किस्से येऊ द्या.

तर्रीबाज: मिसळ. रस्सा आधी पिशवीत यायचा, वर रबर. बंदी आल्यावर घरातला सगळ्यात मोठा डबा घेऊन गेलो, म्हटलं भरून देतील. मालक म्हणे, "डबा तुमचा, माप आमचं." तळाला चार बोटं रस्सा 😂

अनुस्वार: @तर्रीबाज पुणेरी उत्तर, पैकीच्या पैकी.

कोथरूडची_काकू: मंडईत भाजीवाल्या मावशी तेव्हा स्पष्ट सांगायच्या, पिशवी नसंल तर पदरात घ्या. मी घेतलेत टोमॅटो पदरात. आता त्याच मावशी मागायच्या आत पिशवी देतात. (कुकर लावलाय, नंतर लिहिते.)

केटरिंगवाला_सदाशिव: गंमत तुमची, माल आमचा पडून. थर्माकोलच्या ताटल्यांचे गठ्ठे घरात. पळसाच्या पत्रावळ्या आणल्या तर आमटीला द्रोण गळायचे, पंगतीत लोक दोन द्रोण एकात एक घालून बसायचे. मग १ जुलै २०२२ पासून केंद्राची बंदी आली. स्ट्रॉ, चमचे, काटे, पेले, मिठाईच्या खोक्यावरचं पातळ आवरण, सगळं त्यात. कागदी पेला घ्या म्हणतात, पण त्यालाही आतून प्लास्टिकचा थर असतोच की. सगळ्यात बरं स्टीलचं ताट. पण मग घासायला बाई लागते आणि तिचा रोज यजमानांना जड वाटतो.

गच्चीवरची: दुधाच्या पिशवीवर ५० पैसे परत मिळणार होते ना? कुणाला मिळाले?

तर्रीबाज: @गच्चीवरची ५० पैशांचं नाणं तरी शेवटचं कधी बघितलंत?

सुकाकचरा: माझं मत वेगळं आहे. जिथे विकणारा आणि घेणारा समोरासमोर येतात तिथे नियम थोडाफार टिकला. किराणा, भाजी, डेअरी. पार्सल दारात यायला लागलं तिथे तो संपलाच, कारण डबा पुढे करायला माणूसच नसतो. एका थाळीला भाजीचा वेगळा, वरणाचा वेगळा, चटणीची पुडी, वर न मागितलेले चमचे. आमच्याकडे स्वच्छ संस्थेच्या ताई येतात (कचरावेचकांची सहकारी संस्था, २००८ पासून महापालिकेबरोबर काम करते). त्या म्हणतात, डबा विसळून द्या, तेल लागलेल्याला भंगारवाला भाव देत नाही. शेजारच्यांनी विसळायला नकार दिला, पाणीकपात आहे म्हणे. रोज गाडी धुतात ते.

अनुस्वार: शेजारी इथेच सभासद निघायचे 😄

कोथरूडची_काकू: आले. "चमचे नकोत" असं ऑर्डर देताना लिहिता येतं, मी लिहिते. तरी येतात. लेक म्हणते, आई, वाचतं कोण. खण भरलाय चमच्यांनी.

गच्चीवरची: काकू, त्यांवर रोपांची नावं लिहा आणि कुंडीत खोचा. माझ्या पुदिन्याच्या कुंडीत तेच आहेत. पुदिना मात्र जगत नाही, ऊन कमी पडतं का?

केटरिंगवाला_सदाशिव: ऊन नाही, पाणी जास्त होतंय.

पेठेतला_पाहुणा: जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून देणारं कोणी आहे का शहरात? आईच्या चार साड्या पडून आहेत.

कोथरूडची_काकू: आमच्या गल्लीत एक ताई शिवतात, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. बंद लांब ठेवायला सांगा, खांद्याला अडकवता आली पाहिजे.

तर्रीबाज: काकू, मलाही व्यनि. आणि पिशवीत रस्सा राहील असं अस्तर लावतात का विचारा.