तक्रार ज्याच्यावर, त्यालाही विद्यापीठाने मदतीला माणूस द्यावा का?

गवाक्ष
यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५ च्या नियमांनुसार लैंगिक छळाची तक्रार करणाऱ्या विद्यार्थिनीला चौकशीच्या काळात हजेरीत सूट, ३ महिन्यांपर्यंत रजा, गरज पडल्यास विभाग किंवा गाइड (संशोधनाचा मार्गदर्शक) बदलून मिळू शकतो. पोलिसांत जायचं असेल तर तिथेही मदत करायची आहे. ज्याच्यावर तक्रार झाली त्याला ७ दिवसांत तक्रारीची प्रत मिळते आणि उत्तराला १० दिवस. चौकशी ९० दिवसांत संपवायची. एवढ्या काळात त्याने विचारायचं कोणाला? माझं म्हणणं, दोघांनाही एकेक माणूस द्या. वेगवेगळा, आणि चौकशी करणाऱ्या समितीबाहेरचा. वकील नव्हे. कागद समजावणारा, तारखा सांभाळणारा, वेळेवर 'हे करू नकोस' म्हणणारा.

खडीसाखर
साफ असहमत. अख्ख्या विद्यापीठाला समुपदेशक एक, तोही आठवड्यातून दोन दिवस, अशी अवस्था असताना त्यातला अर्धा वेळ ज्याच्यावर तक्रार त्याला? तक्रार करणारी बहुतेकदा एकटी पडते. त्याच्यामागे मित्र असतात, घरचे असतात, कधी कधी अख्खा विभाग असतो.

गवाक्ष
मित्र असतात, तिथेच तर घोळ होतो. ओळखीतल्या एका मुलाला नोटीस रात्री होस्टेलवर मिळाली. खोलीत पाचसहा जण जमले. एक सीनियर म्हणाला, तिला मेसेज टाक, विषय मिटवून टाकू. दुसऱ्याने चॅट डिलीट करायला लावलं. सकाळपर्यंत तिच्या रूममेटला फोन सुरू. त्याला जाणता माणूस भेटला असता तर त्याने पहिलं हेच सांगितलं असतं की तिच्याशी संपर्क नको आणि फोनमधलं काही पुसू नकोस. फायदा तिचाच झाला असता ना?

खडीसाखर
त्यासाठी माणूस कशाला? नोटिशीतच ठळक लिहा. लांब राहण्याची ताकीद देता येते, धोका असेल तर आवारात यायला बंदीही घालता येते. आहे ते वापरा आधी.

लिंबोणी
तुमचं त्याच्यावरून चाललंय, तिच्या सवलतीचं काय होतं ते सांगते. मी एका कॉलेजच्या ऑफिसात होते. हजेरीच्या सवलतीचं पत्र आलं. विषय: 'लैंगिक छळ तक्रारीसंदर्भात हजेरी'. खाली मुलीचं पूर्ण नाव, रोल नंबर. पत्र आवक रजिस्टरमध्ये चढलं, क्लार्ककडून विभागप्रमुखांच्या टेबलावर गेलं, तिथून प्रत्येक विषयाच्या सरांकडे सहीला. दुपारच्या चहाला स्टाफरूममध्ये तोच विषय. ओळख गुप्त ठेवा असं नियमच सांगतो! 'मंजूर कारणास्तव हजेरीत सवलत' एवढी ओळ पुरली असती. पण पत्र जाण्याआधी ते तिच्या बाजूने वाचणारं कोणी नव्हतं. आधी तिचा माणूस नेमा, त्याचं मग बघू.

उंटावरचा
म्हणजे सगळं तिला. आणि तक्रार खोटी निघाली तर?

लिंबोणी
जाणूनबुजून खोटी केली असेल तर कारवाईची तरतूद आहे. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हेही तिथेच लिहिलंय. ते वाक्य नेमकं कोणी वाचत नाही.

सहावंवर्ष
पीएचडीवाल्यांचं वेगळंच आहे. गाइडवरच तक्रार असेल तर 'गाइड बदलून मिळेल' हे कागदावर ठीक. त्या विषयाचा दुसरा माणूस विभागात नसतोच. मग विषय बदला, प्रस्ताव नव्याने लिहा, तोवर फेलोशिपच्या फॉर्मवर सही कोणाची? शिफारसपत्र कोण देणार? समुपदेशकाच्या खोलीत बसून यातलं काही सुटत नाही. मुदतवाढ आणि पैसे लागतात. साक्ष देणाऱ्या लॅबमधल्या पोरांबद्दल तर कोणी बोलतही नाही, त्यांनाही त्याच गाइडकडे प्रबंध पुरा करायचाय.

अवांतर: विद्यार्थ्यांचं प्रकरण असेल तर समितीवर ३ निवडून आलेले विद्यार्थी असतात. ओळखीचे म्हणून मुली रडायला त्यांच्याकडेच जातात. उद्या निकाल देणाऱ्याने आज धीर द्यायचा, हे दोघांनाही जड जातं. त्यामुळे 'समितीबाहेरचा माणूस' या मुद्द्यावर गवाक्षशी सहमत.

खडीसाखर
समितीबाहेरचा हवा हे मलाही पटतं. पण समुपदेशक एकच असेल तर दोघं त्याच खोलीबाहेरच्या बाकावर वाट बघत बसणार. तिची सगळी हकीकत ऐकलेला माणूस तासाभराने त्याची ऐकणार. मुलगी परत येईल का तिथे?

गवाक्ष
म्हणून तर वेगवेगळे म्हणतोय. त्याच्यासाठी दुसऱ्या विभागातला, प्रशिक्षण दिलेला शिक्षक चालेल. त्याला वेगळा पगारही लागणार नाही.

खडीसाखर
पुढच्या वर्षी ज्याला त्याच समितीवर नेमतील, तो शिक्षक? नको. बाहेरचा आणा आणि पैसे मोजा. आणि पैसे एकापुरतेच असतील तर ते तिच्यासाठी.